मैनेच्या बाजूनं

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये टिटवाळ्यापर्यंत उभं राहायलाही जागा नसते. वाशिंद, आसनगाव गेलं की डबा मोकळा होऊ लागतो. आटगाव, तानशेत, खर्डी अशी एकेक स्थानकं मागे पडतात, दोन्ही बाजूंना साग-ऐनाचं रान दिसू लागतं, आणि कसाऱ्याच्या अलीकडे उंबरमाळी येते. इथे उतरणारे थोडे. खाली शहापूर तालुक्यातले पाडे, समोर थळ घाटाची भिंत. रेल्वे १८६५ मध्ये हा घाट चढून इगतपुरीला पोहोचली, तेव्हापासून या भिंतीखालचा मुलूख मुंबईला माणसं, आणि पुढे पाणीही, पुरवत आला आहे. एरवी या स्थानकाचं नाव मुंबईच्या कानावर क्वचितच पडतं. जुलै २०२१ मधल्या एका रात्री पाऊस इतका कोसळला, की इथलं पाणी रुळांवरून फलाटाच्या कडेला टेकलं आणि उंबरमाळी बातम्यांत आली. त्यानंतर पुन्हा विसरली गेली.

याच मार्गावर, शंभरेक किलोमीटर खाली, घाटकोपर आहे. तिथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे राहायचे. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड मराठीतलं सगळ्यात जास्त गायलं गेलेलं विरहगीत असावं. भावगीतांच्या प्रेमिकांना हे विधान पटणार नाही, पण भावगीत रेडिओवर ऐकतात. ‘माझी मैना’ मैदानात म्हणतात, जयंतीच्या मांडवात म्हणतात, मोर्चात म्हणतात आणि टेम्पोच्या हौद्यात उभं राहूनही म्हणतात. तीत बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेला एक माणूस बोलतो. ती त्याला आठवते, आणि शेवटच्या कडव्यात त्या बायकोचा एकदम बेळगाव होतो.

या गाण्याविषयी सांगितलं जातं ते बहुतेक त्या शेवटच्या कडव्याविषयी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं गाणं, दुरावलेल्या सीमाभागाचं रूपक, पाठ्यपुस्तकाला साजेशी दोन वाक्यं, आणि विषय संपला. माझं मत उलट आहे. रूपक उभं राहिलं ते आधीची ताटातूट खरी होती म्हणून. आणि ती ताटातूट किती खरी होती हे समजून घ्यायचं, तर गाणं मुंबईच्या मैदानातून न ऐकता जिथे मैना मागे राहते त्या टोकाला जाऊन ऐकावं लागतं. उंबरमाळी हे तसं एक टोक आहे.

आधी गाणं रचणाऱ्याविषयी. तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. वाटेगाव आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. मातंग समाज, ‘गुन्हेगार जमात’ म्हणून इंग्रजांनी मारलेला शिक्का, आणि शाळा म्हणावी तर दीड दिवसाची. दुष्काळी, कर्जबाजारी गावातून वडिलांबरोबर पोरगा पायी मुंबईला आला तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा होता. वाटेत मिळेल ते काम करत आले. मुंबईत हमाली झाली, फेरीवाल्यामागे गाठोडं वाहणं झालं, सिनेमाच्या दारावर उभं राहणं झालं, मोरबाग गिरणी झाली. अक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत गोळा केली. मध्ये गावी परतले तेव्हा नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात उभे राहिले. ढोलकी, तुणतुणं, झिलकऱ्यांची साथ आणि समोरच्या माणसाला जागेवर खिळवून ठेवण्याची कला तिथली. कम्युनिस्ट पक्ष मुंबईचा. पुढे आयुष्यभर त्यांनी या दोन शाळांचं शिक्षण एकाच कागदावर वापरलं.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. बार्शीकडचे अमर शेख म्हणजे मूळचे मेहबूब पटेल. त्यांचा आवाज असा, की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभा चालू राहायची. अण्णाभाऊ लिहायचे आणि स्वतःही गायचे, पण हजारोंच्या मैदानाला गाणं पोहोचवायचं काम अमर शेखांच्या गळ्याचं. तमाशाच्या सुरुवातीचा गण त्यांनी गणपतीकडून काढून मातृभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसाला दिला. गौळणीतल्या मावशीच्या चेष्टा कमी केल्या, वग आणि बतावणी ठेवली, आणि तिथे सावकार, काळाबाजारवाला, मंत्री आणून उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या खेळांना ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. मंडळी तीच, ढोलकी तीच.

वाळवा तालुक्याची एक गंमत इथेच सांगायला हवी. अण्णाभाऊंच्या आधी याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षहून श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा ब्राह्मण तरुण तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. (१८६६ ते १९४५ असा त्यांचा काळ.) महार समाजातल्या पवळेवर त्यांचं प्रेम बसलं, त्यासाठी त्यांनी जात सोडली, आणि ती जोडी एवढी गाजली की त्यांच्या लावण्यांपेक्षा लोक त्यांची कहाणीच जास्त सांगतात. बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. तिच्यातली मुंबई दिमाखाची, गावच्या डोळ्यांना दिपवणारी. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी लिहिली, पण त्यांची मुंबई दोन मजल्यांची: वर मलबार हिल, खाली परळ. एकाच तालुक्यातल्या दोन शाहिरांनी एकाच शहराकडे पाहिलं. एक प्रेक्षकांसमोर नाचगाण्याचा फड घेऊन आला होता, दुसरा डोक्यावर गाठोडं घेऊन.

छक्कड हा लावणीचाच एक ठसकेबाज प्रकार. शृंगार हा तिचा नेहमीचा माल. प्रेक्षकानं शिट्टी मारावी म्हणूनच ती रचलेली असते. अण्णाभाऊ सुरुवात त्याच थाटात करतात. मैनेचा बांधा, तिची चाल, रंग, भुवया, एकामागून एक उपमा. ढोलकी रंगात येते, मागचे झिलकरी सूर धरतात, आणि समोरच्या गड्याला वाटतं, चला, आज मजा आहे. पुढच्याच वळणावर शाहीर सांगतो की गरिबीनं आम्हां दोघांची ताटातूट केली. त्यानंतरची दहाएक वाक्यं म्हणजे मराठी कवितेतला निरोपाचा एक फार अचूक प्रसंग आहे. वेळ भल्या पहाटेची. बाहेर अंधार. भाकरतुकडा बांधून झालेला. ती त्याला घालवायला गावदरीपर्यंत चालत येते. तिथे तिचा चेहरा उतरतो. तो तिला हसवू पाहतो. पत्र पाठवीन म्हणतो, परतेन तेव्हा दागिन्यांनी मढवीन म्हणतो आणि एकेका दागिन्याचं नाव घेऊ लागतो: पायांत शिंदेशाही तोडे, गळ्यात कोल्हापुरी साज आणि वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नाकात नथ. ती हसत नाही.

दागिन्यांची ही यादी गाताना शाहीर लय वाढवतात आणि लोक टाळ्या देतात. नीट ऐकलं तर तो हिशेब आहे. भाकरतुकड्याची शिदोरी घेऊन निघालेला माणूस तोळ्यांची भाषा बोलतो आणि समोरच्या बाईला ती खोटी आहे हे कळतं. पण ती त्याला तसं म्हणत नाही. तिच्या न हसण्यातून शाहिरानं एवढं सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तो तिथे रेंगाळत नाही. छातीवर दगड ठेवून गडी मुंबईची वाट धरतो.

मग मुंबई येते, धबधब्यासारखी. यंत्रांची, मोटारींची, तलम साड्यांची, माडीवर माडी चढवणाऱ्यांची, चोरांची आणि शिरजोरांची. बेकारांच्या गर्दीत एकाची भर पडते. ऊन-पाऊस न बघता काम शोधत फिरणाऱ्या या माणसाचा खिसा भरतो तो पावसाच्या पाण्यानं. त्याला हवी असते एक छत्री, आणि तेवढीही नसते. गावदरीवर साज आणि वज्रटीक देऊ केलेल्या माणसाची ही अवस्था. त्या छत्रीसाठी मी अण्णाभाऊंच्या दोन कादंबऱ्या बाजूला ठेवायला तयार आहे. (‘फकिरा’ त्यात नाही, हे ‘फकिरा’वाल्यांनी ध्यानात घ्यावं.)

हा विरह मराठीत नवा होता का? विरहाच्या लावण्या पेशवाईपासून ढिगानं आहेत. होनाजी, रामजोशी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम यांच्या काळात पुरुष मोहिमेवर जायचा. कर्नाटक, हिंदुस्थान, आठ-आठ महिने तो घोड्यावर, आणि घरी ती झुरायची. झुरणं तिच्या तोंडी असलं तरी लिहिणारा पुरुष, आणि ऐकणाराही बहुतेक मोहिमेवरून परतलेला पुरुषच. आपल्यासाठी कुणी झुरतं आहे हे ऐकण्यात त्याचं सुख होतं. मोहिमा संपल्या आणि त्यांच्या जागी गिरण्या आल्या. साताऱ्याचा, रत्नागिरीचा, पुणे जिल्ह्याचा गडी मुंबईच्या खोलीत दहा-दहाजण मिळून राहू लागला आणि बाई गावी शेत, गुरं, सासू-सासरे सांभाळू लागली. अण्णाभाऊंनी त्या गड्याच्याच तोंडात विरह घातला. त्यांच्या छक्कडीत झुरतो तो पुरुष. हजारो कामगारांच्या सभेत एक पुरुष उघडपणे म्हणतो की मला बायकोची आठवण येते, आणि तेही रडगाण्याच्या सुरात नाही, ढोलकीच्या ठेक्यावर. संपावर, हक्कांवर, भांडवलशाहीवर बोलणाऱ्या व्यासपीठावर या आठवणीला त्यांनी जागा दिली. मला हे त्यांचं सगळ्यात मोठं धाडस वाटतं.

बिहारमध्ये नेमकं उलट घडलं. सारण जिल्ह्यातल्या कुतुबपूरचे भिखारी ठाकूर, जातीनं न्हावी, अण्णाभाऊंसारखेच जवळजवळ शाळेविना. त्यांचं ‘बिदेसिया’ भोजपुरी मुलखात अजून उभं राहतं. त्यात नवरा कलकत्त्याला जातो, तिथे दुसरीपाशी गुंततो, आणि गाणं येतं ते मागे राहिलेल्या बायकोच्या वाट्याला. ती वाटसरूला निरोप देते, तिची बाजू मांडते आणि अखेर नवऱ्याला परत आणते. भिखारी ठाकूरांनी बाईला बोलायला लावलं. अण्णाभाऊंची मैना अख्ख्या गाण्यात एक शब्द बोलत नाही.

ही मैना कोण, हा प्रश्न चाहत्यांना फार आवडतो. चरित्रांत नोंद आहे: पहिली पत्नी कोंडाबाई, आणि पुढे मुंबईत जयवंताबाई, ज्या चळवळीतही त्यांच्या बरोबर होत्या. गाव आणि मुंबई अशी ही विभागणी पाहून मैनेचं नाव ठरवण्याचा मोह होतो. मला त्यात अर्थ वाटत नाही. गाण्यातल्या मैनेचं रूप लावणीच्या परंपरेतून आलं आहे, दागिने कोल्हापूर-साताऱ्याकडच्या पेटीतले आहेत आणि निरोप लाखो घरांतला आहे. तिला एका बाईचं नाव चिकटवलं की बाकीच्या लाखो बायका गाण्याबाहेर पडतात.

आता ते गाजलेलं वळण. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये शहर पुन्हा पेटलं. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबरला द्वैभाषिक राज्य आलं. १९५७ च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. हुतात्म्यांचा आकडा १०५ म्हणून लोकांच्या तोंडी बसला. या सगळ्या काळात अत्रे, डांगे, एसेम यांची भाषणं व्हायची. पण शिवाजी पार्क असो वा कामगार मैदान, सभा जमायची ती शाहिरांच्या ढोलकीवर. ‘माझी मैना’ त्या व्यासपीठावरची. छत्रीवाल्या गड्याच्या आयुष्यात चळवळ उठते, फाउंटन येतं, लालबाग-परळ येतं, आणि मग शाहीर म्हणतो की गावाकडची मैना मला भेटत नाही, तशीच गत या तुटलेल्या महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्याच्या ताब्यात.

यातल्या उंबरगावाकडे लोकांचं लक्ष जात नाही. बेळगाव सगळ्यांना ठाऊक. कारवार ऐकलेलं. डांग नकाशावर शोधता येईल. पण उंबरगाव हा तेव्हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता, म्हणजे शहापूर-मुरबाडच्याच कचेरीतला. गुजरात वेगळं होताना त्यातला मोठा भाग तिकडे गेला आणि उरलेल्या गावांतून इकडे तलासरी तालुका उभा राहिला. अण्णाभाऊंनी हे नाव यमकासाठी घेतलं नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. टिटवाळा, म्हणजे याच कसारा मार्गावरचं गणपतीचं स्थानक. तिथे वारली शेतमजुरांचं गाऱ्हाणं व्यासपीठावरून मांडलं गेलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरीला वारल्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी ठार झाले. लाल बावट्याच्या शाहिराच्या दृष्टीनं उंबरगाव म्हणजे भाषावार प्रांतरचनेतला एक मुद्दा एवढंच असणं शक्य नव्हतं. ती आपली माणसं होती.

इथेच रूपकाचा सांधा थोडा निखळतो असं मला वाटतं. उंबरगावाची भाषा कोणती, हा प्रश्न तिथल्या वारल्याला पडला नव्हता. त्याला पडलेला प्रश्न सावकाराच्या वाड्यावरून सुटका कशी व्हायची हा होता, आणि त्या प्रश्नाचं मूळ लग्नात होतं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लग्नगड्यांबद्दल सविस्तर लिहिलं आहे. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा. रक्कम आज ऐकताना हसू यावं एवढीशी. ती फेडायला तो आणि त्याची बायको त्याच जमीनदाराकडे राबू लागायची. हिशेब जमीनदाराकडे, म्हणून कर्ज फिटायचं नाही. एका लग्नाच्या बदल्यात आयुष्य जायचं, कधी पुढच्या पिढीचंही. या मुलखातल्या गड्याची मैनेपासून ताटातूट झाली नाही. दोघं एकत्रच बांधले गेले. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी १९३८ मध्ये केलेल्या आदिवासींविषयीच्या अहवालातही हीच गोष्ट आहे, सरकारी कोरडेपणानं सांगितलेली.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. १९८२ पासून श्रमजीवी संघटनेनं ठाणे जिल्ह्यात त्यासाठी पुन्हा लढे दिले, म्हणजे कायदा झाल्यावरही काम उरलंच होतं. आज शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांत लग्नगडी हा शब्द म्हाताऱ्यांनाच आठवतो. पण दिवाळी झाली, भात झोडून झालं, की भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांचे मालक आणि मुकादम येतात आणि उचल देतात. पावसाळ्यात घरात धान्य संपलेलं असतं, आजारपण झालेलं असतं, लग्न काढायचं असतं. उचल घेतली की पोरंबाळं, कोंबड्या, भांडी टेम्पोत. भट्टीवर मजुरी धरतात ती जोडीची: एकानं गारा करायचा, एकानं विटा पाडायच्या. एकटा गडी भट्टीला नको असतो. जूनमध्ये परतताना हिशेब होतो आणि बऱ्याचदा उचल अंगावर शिल्लकच राहते. ती पुढच्या दिवाळीला.

म्हणून दिवाळीनंतर उंबरमाळीच्या परिसरातल्या काही पाड्यांवर गेलात तर मैना गावी सापडणार नाही. घरांना कडी, दारात म्हातारी, एखादं पोर आश्रमशाळेत. अण्णाभाऊंच्या गाण्यातली ताटातूट नवरा-बायकोची आहे. इथे ती आजी आणि नातवंडांची होते, आणि त्यावर अजून कुणी छक्कड रचलेली नाही.

सगळेच भट्टीला जात नाहीत हेही खरं. कुणब्यांची, आगऱ्यांची, महादेव कोळ्यांची, ठाकरांची घरं वेगवेगळ्या पद्धतीनं जगतात. शहाडची सेंच्युरी रेयॉन, आंबिवलीची एनआरसी, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यांनी एकेकाळी या पट्ट्यातल्या गड्यांना रोज घरी परतता येईल अशी नोकरी दिली. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि त्यातल्या अनेकांची लोकल सुटली. मुरबाडला रेल्वेच नाही, तिथला माणूस एसटीनं किंवा जीपनं कल्याण गाठतो. आता आसनगावच्या आसपासची गोदामं, महामार्गावरचे ढाबे, बांधकामं, वॉचमनकी. पगार महिन्याला, पण बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या हातचा.

आणि मैना? ती स्वतःच गाडी पकडते. पावसाच्या तोंडाला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, कर्टुली, श्रावणात फुलं आणि पत्री, बाकी दिवस पळसाची पानं, जांभळं, करवंदं. पाटी डोक्यावर घेऊन कसारा मार्गावरच्या बायका पहाटेच्या गाडीनं कल्याण, ठाणे, दादर गाठतात आणि फुटपाथवर बसतात. पहाटेची तीच वेळ, तोच भाकरतुकडा, पण गावदरीवर घालवायला येणारं कुणी नसतं. नवरा अजून उठलेला नसतो किंवा रात्रपाळीहून परतलेला नसतो. दागिन्यांचं वचनही कुणी देत नाही. साज-वज्रटीक इथे कधी नव्हतीच. ठाकरणींच्या गळ्यात मण्यांच्या माळा असतात, आणि त्या जत्रेत ज्याच्या त्यानं घ्यायच्या.

उन्हाळ्यात गाडीच्या आधी पाणी. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानशाचं पाणी १८९२ पासून मुंबईत जातं. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर दर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. तो येईपर्यंत हंडे रांगेत लावून बायका विहिरीच्या काठाशी बसतात. दर वर्षी वर्तमानपत्रं त्याची छायाचित्रं छापतात आणि पावसाळा आला की विषय मिटतो. छक्कडीतल्या गड्याच्या खिशात मुंबईच्या पावसाचं पाणी साचलं होतं. त्याच शहराच्या नळाला मैनेच्या शिवारातून पाणी जात होतं, हे त्याला ठाऊक नसावं.

मैना बोलत नाही असं मी म्हटलं, ते छक्कडीपुरतं. एरवी ती भरपूर बोलली आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातून सुरुवात करून गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत मुंबईला गेलेला नवरा आहे, भाऊ आहे, न आलेलं पत्र आहे, सवतीची शंका आहे, आणि शाहिरांना कधी न सुचलेला रोखठोक हिशेबही आहे. शहापूर-मुरबाडकडे तर लग्न लावायचा मान गाणाऱ्या बाईचा. वारल्यांची धवलेरी गाते तेव्हा लग्न लागतं, देवचौकातल्या पालघट देवीसमोर तिचाच अधिकार चालतो. आगऱ्यांकडे धवलारीण धवळे म्हणते. भटजी आता तिथेही पोहोचले आहेत आणि बँजो-डीजेसुद्धा, म्हणून धवलारणीला कधी अर्ध्या तासात गुंडाळायला सांगतात. तरी तिला वगळलं तर घरातल्या वडीलधाऱ्या बायका लग्न लागलं असं मानत नाहीत. या बायकांच्या गाण्यांत संसार येतो तो कामाच्या यादीसारखा, आणि प्रेम त्या कामांच्या मधल्या फटीतून डोकावतं. अण्णाभाऊंच्या मैनेसारखं रूपवर्णन त्यांत शोधलंत तर निराश व्हाल.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे, हलाखीत. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. गाणं मात्र राहिलं. पुढच्या पिढ्यांना ते विठ्ठल उमपांच्या खड्या आवाजात पोहोचलं, आणि नंतर जलशांत, कलापथकांत, कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत पसरलं. अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात पुतळाही बसला. १ ऑगस्टला चौकाचौकांत स्पीकर लागतात, आणि पोरं शेवटचं कडवं येण्याआधीच दुसरं गाणं लावतात. लढ्याचे जुने साक्षीदार याला अपमान समजतील. मला वाटतं पोरांचा कान शाबूत आहे. बेळगावचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, उंबरगावचं तर कुणी नावही काढत नाही, पण गाणं सुरू झालं की गावदरीच्या कडव्याला आजही मांडव शांत होतो. तो प्रसंग कुठल्याच निकालावर अवलंबून नाही.

तमाशाचा एक कायदा आहे: सवाल टाकला की जवाब द्यायचाच. शाहिरांच्या झुंजी रात्ररात्र चालायच्या त्या त्याच्याच जोरावर. ‘माझी मैना’ला साठ-पासष्ट वर्षांत मैनेकडून कुणी सणसणीत जवाब दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. द्यायचा तर मालमसाला उंबरमाळीपासून म्हसापर्यंत पडलेला आहे. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसाची जत्रा भरते, बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार होतो, माणूस लोटतो. तिथल्या एखाद्या फडावर एखादी बाई उभी राहावी आणि तिनं मोजून सांगावं: शिंदेशाही तोडे बोलला होतास त्याचं काय झालं, उचल किती घेतलीस आणि फिटली किती, टँकर कुठल्या वारी येतो, शेवळांचा वाटा दादरला कितीला गेला, आणि परतीच्या गाडीत पाटीवाल्यांना कोण हाकलतं. छत्रीचंही विचारावं, ती शेवटी मिळाली का म्हणून. चाल अण्णाभाऊंचीच घ्यावी, झिलकऱ्यांना ती शिकवावी लागणार नाही.